पेन डबीत ठेवायला नसतं

शाईच्या पेनांचा शौक असावा, पण महागडं पेन घेऊन डबीत जपणं म्हणजे पैसे अडकवणं. सोन्याच्या निबला तर भुलूच नये. कागदाला टेकतं ते टोक सोन्याचं नसतंच. सोनं मऊ, लगेच झिजेल, म्हणून सोन्याच्या काय नि स्टीलच्या काय, चांगल्या निबच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीकसा मणी जोडलेला असतो. सोनं गंजत नाही, एवढा फायदा खरा. रोजच्या लिखाणात बघायची ती निबची जाडी. साध्या वहीच्या पातळ कागदावर जाड निबची शाई फुटते आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांची पोटं भरून जातात. बारीक निब घ्यावी. जपानी ‘फाइन’ युरोपीय ‘फाइन’हून सहसा बारीक असते.

बॉलपेन स्वस्त, बिनत्रासाचं, हे मान्य. कार्बनप्रतीला तेच हवं. पण त्याला दाब द्यावा लागतो. शाईचं पेन नुसतं टेकवलं की चालतं, पानंच्या पानं लिहिणाऱ्याला हा फरक बोटांत जाणवतो. वापरल्याने किंमत उतरते, असं संग्राहक म्हणतील. उतरेलही. पण शाई भरून पडलेलं पेन आतून सुकतं, तुंबतं. तेव्हा दोनच पेनं घ्या, रोज लिहा आणि शाई बदलताना साध्या, गार पाण्याने धुवा.