एक गिअरमोटर, एकशे त्रेचाळीस ओळी

परवा स्टोअरमधले काका कागद घेऊन टेबलाशी आले. "साहेब, हे सर्कलिप कोणत्या मेकचे मागवू?" बघतो तर काय, एका गिअरमोटरच्या पोटातले बेअरिंग, ऑइल सील, सर्कलिप, सगळे आमच्या खरेदीच्या यादीत! निम्मे तर येऊनही पडले होते.

तर झालं असं. आम्ही नगरच्या नागापूर एमआयडीसीत कन्व्हेयर बनवतो (जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला, तोंडातलं नगर काही जात नाही). गिअरमोटर विकत आणतो, ती बनवणारे तिची स्टेप फाईल देतात. स्टेप हे १९९४ सालचं आंतरराष्ट्रीय मानक, बहुतेक कुठल्याही कॅडमध्ये उघडतं. पण आकारांबरोबर सुट्या भागांची उतरंडही घेऊन येतं. आपल्या लेखी एक वस्तू, कॅडच्या लेखी १४३ पार्ट. आमच्या पोराने ती असेंब्लीत बसवली, बीओएम काढला आणि खाली पाठवून दिला.

यावर आमच्याकडे दोन पंथ. पहिला म्हणतो, राहू द्या की, आतले स्क्रू दिसले की गिऱ्हाईकावर छाप पडते. कॉम्प्युटर रडतोय? रॅम वाढवा. अहो, तो कन्व्हेयर घ्यायला आलाय, मोटरचं पोस्टमॉर्टेम बघायला नाही!

दुसरा पंथ सगळं वितळवून गोळा करणारा. सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली थेट पार्ट म्हणून सेव्ह होते, फक्त बाहेरचे पृष्ठभाग ठेवून. फाईल हलकी होते खरी, पण मोटरचं वजनही जातं. नुसत्या पृष्ठभागांना घनफळ कुठलं? मग उचलायचे हुक भलतीकडे लागतात आणि क्रेनवर कन्व्हेयर तिरपा लटकतो. बघितलंय मी. खाली माणसं उभी होती.

एक वस्तू कशाला म्हणायचं हे दोघेही भूमितीला विचारतात. ते बिलाला विचारा ना! बिलावर एका ओळीत येतं ते एक. मोटर सबअसेंब्लीच राहू द्या, कॉन्फिगरेशनमध्ये आतले भाग बीओएमपुरते लपवा. इन्व्हेंटरमध्ये तिला "परचेस्ड" ठरवलं की झालं. पाच मिनिटांचं काम. फारच जड होत असेल तर पार्ट करा, पण सॉलिड करा, शाफ्ट आणि बसवायची भोकं ठेवा आणि वजन कॅटलॉगमधून हाताने भरा.

हायड्रॉलिक सिलिंडरला मात्र हेही पुरत नाही. बिलावर ओळ एकच, पण रॉड आत-बाहेर हलला पाहिजे. तिथे नळी एक पार्ट, रॉड दुसरा, आणि सबअसेंब्ली फ्लेक्सिबल. बीओएममध्ये तरीही एकच ओळ.

पोरगा म्हणाला, "सर, कॉलेजात हे कोणी सांगितलंच नाही." कसं सांगणार? तिथे बेंच व्हाइस काढायला देतात. त्यात विकत आणलेलं असतं काय?

असो. सर्कलिप परत घेत नाही म्हणतोय दुकानदार.