सातासमुद्रापार, आपापसात

पावसाळा हा मालवणचा खरा पर्यटनाचा मोसम. म्हणजे मालवणकरांनी बाहेर पडण्याचा. मेच्या अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, तारकर्लीतलं स्कूबाचं सामान आवरलं जातं, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी. हॉटेलवाला, होडीवाला, दुकानदार सगळे एकदम मोकळे. त्यातच १ जुलैला रोटरीचं आणि लायन्सचंही नवं वर्ष सुरू होतं. पदग्रहणं होतात, नव्या अध्यक्षांना काहीतरी लक्षात राहील असं करायचं असतं. मग कुठल्या ना कुठल्या क्लबात ठराव येतोच: यंदा परदेश दौरा. हेतू, सांस्कृतिक आदानप्रदान व फेलोशिप. ठिकाण, बहुधा थायलंड. चतुर्थीच्या आत घरी पोचायचं ही एकच अट, आणि ती मात्र कुणी मोडत नाही.

दौऱ्याला आमचा आक्षेप नाही. माणसं स्वतःच्या खिशातून जातात. वर्षभर रक्तदान शिबिरं आणि नेत्रतपासण्या करून दमलेल्यांनी आठवडाभर मजा करावी, आणि तिला मजाच म्हणावं. ठरावात 'संस्कृती' आली की मात्र हिशेब विचारावासा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरचा पहिला प्रश्न असतो, 'थंय बांगडो गावतलो मां?' दुसरा, खोलीत जोडीदार कोण. बॅगेत आगळाची बाटली आणि कुळथाची पिठी. बसमध्ये कुडाळचे डॉक्टर कणकवलीच्या कंत्राटदाराशेजारी बसतात, म्हणजे सभेत बसतात तसेच. त्या देशातल्या ज्या माणसांशी चार शब्द झाले ती म्हणजे गाइड, ड्रायव्हर आणि बिल आणणारा वेटर. फेलोशिप झाली हे खरं, पण आपापसात. ती चिवल्याच्या किनाऱ्यावरही झाली असती.

गंमत म्हणजे पाहुण्यांबद्दलची हीच तक्रार आपण कधीपासून करतो आहोत. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटक येतो, किल्ल्यात फोटो काढतो, सुरमईची थाळी जेवतो, पॅरासेलिंग करतो आणि संध्याकाळी गोव्याकडे सटकतो. वालावल त्याला ऐकूनही ठाऊक नसतं. सावंतवाडीची गोल गंजिफा हातात घेऊन तो चहाचा कप ठेवायला बघतो. आपण नाक मुरडतो, आणि पावसाळ्यात पट्टायाला जाऊन नेमके तसेच वागतो.

रोटरीच्या जन्माची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. पॉल हॅरिस आणि त्यांच्या तीन मित्रांनी १९०५ साली शिकागोत सभा सुरू केल्या, त्या आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत; दुसऱ्याच्या जागेत जाऊन बसायचं हेच मूळ. आजही रोटरीत 'फ्रेंडशिप एक्स्चेंज' नावाची योजना आहे. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, उतरायचं मात्र तिथल्या रोटेरियनच्या घरी, आणि पुढे त्यांनी आपल्याकडे यायचं. तेवढंही नको असेल तर परमुलखात असताना तिथल्या एखाद्या क्लबच्या सभेला जाऊन बसण्याची प्रथा जुनीच आहे. बँकॉकमध्ये क्लबांची वाण नाही. पण रात्रीच्या क्रूझऐवजी सभा, असा कार्यक्रम छापलेला आमच्या पाहण्यात आलेला नाही.

यजमानपण आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणणार नाही. परक्या माणसाला घरातली खोली देऊन सकाळी आंबोळी-चटणी वाढायची, यावर किनाऱ्यावरची कितीतरी घरं चालतात. अवघड जातं ते पाहुणेपण. दुसऱ्याच्या घरी त्याच्या वेळेला उठायचं, तो वाढेल ते जेवायचं. तिथे बॅगेतलं आगळ बाहेर काढता येत नाही. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' लंडनला नेलं तेव्हा संस्कृती परदेशी गेली होती खरी, पण ती नाटकाच्या सामानाबरोबर गेली, ठरावात नव्हती.

परतभेटीचा विचार केला की खरी पंचाईत दिसते. समजा एखादा थाई वकील आठवडाभर घरी राहायला आला. त्याला पिंगुळीला न्यावं लागेल, पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यात उभारलेल्या संग्रहालयात. चित्रकथीच्या पोथीवर बोट ठेवून तो विचारेल, हा प्रसंग कोणता? अध्यक्ष सेक्रेटरींकडे बघतील, सेक्रेटरी मोबाइलकडे. दशावताराला न्यायचं तर जत्रा कार्तिकातल्या, नाटक रंगायला मध्यरात्र उलटते, आणि वेद पळवणारा संकासुर मालवणीत विनोद का करतो हेही इंग्रजीत सांगावं लागेल. तेव्हा पुढच्या दौऱ्यासाठी ट्रॅव्हल कंपन्यांकडून कोटेशनं मागवाल, त्यांच्यासोबत एक पिंगुळीचंही मागवून ठेवा. कुडाळ स्टेशनवरचा रिक्षावाला ते तोंडीच सांगेल.