बोली झाली, वांधा उरला

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची बोली वर चढते. सौर आणि पवन विजेच्या सरकारी लिलावात ती खाली उतरते. इतके मेगावॉट हवेत असे सरकार जाहीर करते आणि युनिटला सर्वांत कमी दर सांगणाऱ्याच्या पदरात बहुधा २५ वर्षांचा करार पडतो. या उलट्या बोलीने देशातील विजेचे अर्थकारण बदलले, हे आधी मान्य करायला हवे. राष्ट्रीय सौर मोहिमेचा पहिला लिलाव २०१० साली झाला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेसाठी ठरवलेला दर होता युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे. बोली लागली सरासरी १२ रुपयांच्या आसपास. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. जगभर पॅनेल स्वस्त झाली, हे त्याचे मोठे कारण. पण ती स्वस्ताई उत्पादकाच्या खिशात न राहता दरात उतरली ती स्पर्धेमुळे. निविदेविना झालेला एन्रॉनचा वीजकरार ज्या महाराष्ट्राने भोगला, त्याला उघड बोलीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण बाजार समितीत जाणारा शेतकरी आणखी एक गोष्ट ओळखून असतो. लिलावात एक भाव पुकारला जातो आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरताना ‘वांधा’ निघतो, म्हणजे मालात खोट काढून पुकारलेला भाव पाडला जातो. वीज-लिलावांना आज हेच दुखणे जडले आहे.

केंद्राच्या वतीने लिलाव पुकारणारी सोलर एनर्जी कॉर्पोरेशन अर्थात ‘सेकी’ म्हणजे युनिटमागे सात पैसे घेणारा अडत्या. खरे गिऱ्हाईक म्हणजे राज्यांच्या वीज वितरण कंपन्या. केंद्राने २०२३ मध्ये दरवर्षी ५० हजार मेगावॉटच्या निविदा काढण्याचे ठरवले आणि आकडा गाठण्याच्या घाईत गिऱ्हाईक पक्के होण्याआधीच बोल्या लागल्या. परिणामी २०२५ मध्ये ४० हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचे विजेते ठरले होते, पण त्यांची वीज घेण्याच्या करारावर कोणाची सही नव्हती. वितरण कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. पुढच्या लिलावात दर आणखी उतरणार असतील, तर आज २५ वर्षे बांधून का घ्यावे, हा त्यांचा सवाल व्यवहाराला धरूनच आहे. शिवाय दुपारची वीज आता मुबलक आहे. चणचण भासते ती दिवे लागल्यावर.

झालेला करार मोडण्याचा मोह तर याहून घातक. आंध्र प्रदेशात २०१९ साली सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने जुन्या सौर व पवन करारांचे दर उतरवायला घेतले. न्यायालयीन लढाई सुरू असताना उत्पादकांच्या हाती पडत होते युनिटला जेमतेम २ रुपये ४३-४४ पैसे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातलाच दर द्यायला लावला. तोवर गुंतवणूकदारांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. सही पुसली जाण्याची भीती असेल तर पुढची बोली त्या भीतीची किंमत धरूनच लागते.

म्हणून दर पाडण्याचा खरा मार्ग लिलावाच्या आधी सुरू होतो. मध्य प्रदेशातील रीवा प्रकल्पाने हे दाखवून दिले. तिथे जमीन, वीजवाहिन्या आणि देयकांची हमी यांची तजवीज आधीच झाली होती. राज्याची वीज कंपनी आणि दिल्ली मेट्रो हे ग्राहकही ठरलेले होते. २०१७ मध्ये बोली लागली तेव्हा पहिल्या वर्षाचा दर तीन रुपयांखाली आला. याचे उलट टोक ब्रिटनने पाहिले. सरकारने कमाल दर इतका खाली ठेवला, की २०२३ च्या लिलावात समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी एकही बोली आली नाही. पुढच्या वर्षी मर्यादा वाढवल्यावर बोलीदार परतले.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची आखणी या कसोटीवर उजवी ठरते. गिऱ्हाईक महावितरण, प्रकल्प उपकेंद्राजवळ, मागणी शेतीपंपांची आणि तीही दिवसा. रात्री-अपरात्री पाणी द्यायला निघणाऱ्या शेतकऱ्याच्या गरजेशी सूर्याचे वेळापत्रक इथे जुळते. २०२४ च्या बोल्यांतील तीन रुपयांच्या आसपासचा दर म्हणूनच अर्थपूर्ण आहे. मात्र प्रकल्पांसाठी घेतल्या जाणाऱ्या गायरानांवरून गावोगावी वाद उठत असताना जमीन ‘उपलब्ध’ आहे हे कागदावर लिहून भागणार नाही. ग्रामसभेला विश्वासात घेणे हीसुद्धा लिलावाची पूर्वतयारीच.

केंद्रानेही आता मेगावॉट मोजणे सोडून गरज मोजावी. साठवणुकीसह सौर वीज साडेतीन रुपयांच्या घरात मिळू शकते, हे २०२४ च्या लिलावांत दिसले आहे. तेव्हा संध्याकाळची वीज पुकारावी, गिऱ्हाईक आणि वाहिनी पक्की झाल्यावरच पुकारावी आणि नंतर कोणत्याही सरकारला त्यात वांधा काढता येणार नाही याची तजवीज करावी. बाजारात भाव फुटला म्हणून शेतकरी निर्धास्त होत नाही. माल उतरून हिशेबपट्टी हाती पडली की मगच तो घरची वाट धरतो.