पऱ्यांच्या कादंबऱ्या वाचाच!

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, पऱ्या-राक्षसांच्या कादंबऱ्या बावीस प्रतिज्ञांत बसत नाहीत. आम्हाला हे पटत नाही. पोथी चमत्कार खरा म्हणून गळी उतरवते, वर दक्षिणा मागते. कादंबरी मुळात कबूलच करते की हे रचलेले आहे. 'हॅरी पॉटर'मध्ये रक्तशुद्धीचा माज आहे, गुलामीतच सुख मानणारे घर-एल्फ आहेत. त्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या हर्मायनीची मात्र थट्टाच होते. तिथे लेखिकेशी भांडा! सुझॅना क्लार्कच्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४) मध्ये तर परीराजाला संपवून त्याच्या गादीवर बसतो तो गुलाम आईच्या पोटी जन्मलेला काळा नोकर, स्टीफन. विहाराच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशेजारी ही पुस्तके ठेवायला नेमकी कोणती प्रतिज्ञा आड येते?