तारापूरचे मृत्यू ही हक्कांचीच बातमी

मानवी हक्कांवर घाला आला की आपली माध्यमे गप्प बसत नाहीत, असे सांगितले जाते आणि पुराव्यादाखल पालघरकडे बोट दाखवले जाते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून येथे दोन तरुणींना अटक झाली. देशभरच्या माध्यमांनी तो विषय लावून धरला. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, त्या अटकेत लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द ठरवले. माध्यमांच्या पदरात त्याचे श्रेय टाकायलाच हवे.

पण पालघरहून गाडी पुढे निघाली की बोईसर येते. तिथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत ११ जानेवारी २०२० रोजी रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने आठ जणांचा जीव घेतला. २१ ऑगस्ट २०२५ रोजी औषध कारखान्यातल्या वायुगळतीने चार कामगार दगावले. स्फोट, मृतांचा आकडा, मदतीची घोषणा. इतक्यावर अशी बातमी सहसा मिटते.

‘हे अपघात, हक्कभंग नव्हे,’ असे यावर उत्तर मिळते. ते चूक आहे. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. धोका सरकारदप्तरी नोंदलेला असताना झालेल्या मृत्यूंना नुसते दैव म्हणता येत नाही.

‘वेळ आणि जागा नसते,’ ही सबबही टिकत नाही. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्याच गडचिंचल्यात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली, तेव्हा वाहिन्यांनी दिवसच्या दिवस दिले. काहींनी त्या भीषण घटनेला धार्मिक रंग फासला. या हत्येमागची, मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा गावोगाव कशी पसरली, हा मूळ प्रश्न मागे पडला. वेळ होता, तो कशाला द्यायचा, याचा विवेक नव्हता.

म्हणून हक्कांचे वार्तांकन म्हणजे पाठपुरावा, असे मी मानतो. स्फोटानंतर सहा महिन्यांनी विचारावे: चौकशीचा अहवाल कुठे आहे? गुन्हा मालकावर की पाळीच्या सुपरवायझरवर? ठेकेदाराच्या कामगाराचे नाव हजेरीपटावर होते का? भरपाई वारसांच्या हाती पडली का? बोईसरच्या वार्ताहराला हे प्रश्न ठाऊक असतात. संपादकांनी त्याला ते विचारायला पाठवावे आणि उत्तरे पहिल्या पानावर छापावीत. बेकायदा अटक ही हक्कांची बातमी असेल, तर टाळता आला असता असा मृत्यू ही त्याहून मोठी बातमी आहे.