जीन्सचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलमध्ये लठ्ठपणा हा थट्टेचा विषय होता. जाड मुलाला टोपणनाव मिळायचे आणि बाकीचे स्वतःला निरोगी समजायचे. हातपाय सडपातळ असलेला मीही त्यांच्यातलाच. तिशीनंतर रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी टेप काढून माझी कंबर मोजली. ९६ सेंटीमीटर! अम्मी मात्र म्हणाली, "अरे, खात्यापित्या घरचा दिसतोस, त्यात काय!"

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात चरबी साठलेली असू शकते. ती यकृताभोवती वाढली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर, रक्तदाब, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच भारतीयांसाठी अतिवजनाची रेघ २५ ऐवजी २३ बीएमआयवर धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर आहे.

कॉलेजच्या मुलामुलींशी बोलतो तेव्हा 'जंक फूड वाईट' हे सगळे सांगतात. कंबर किती, असे विचारले की जीन्सचा नंबर सांगतात. जीन्स पोटाच्या खाली बसते, त्यामुळे ते माप खरे नसते. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप लावून पाहा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता. तरीही आपल्या मोहल्ल्यात संध्याकाळचे मैदान मुलांचे असते आणि बहिणी घरात. त्यांना 'कमी खा' सांगणे सोपे आहे, मैदानातला एक तास मोकळा करून देणे अवघड. जबाबदारी तिथेच सुरू होते.

कॉलेजांनी वर्षातून एकदा कंबर आणि रक्तदाब मोजावा. चारचौघांत नाही, खासगीत. आणि आपण टोपणनावे बंद करावीत. ज्याची थट्टा होते, तो तपासणीला जायचे टाळतो. मी दहा वर्षे आधी टेप लावली असती, तर आज गोळीच्या वेळा सांभाळाव्या लागल्या नसत्या. तुमच्याकडे ती दहा वर्षे अजून आहेत.