व्यापार-उदीम : कंटेनर निघण्याआधी

मंडळी, आपल्यापैकी काही जण नोकरी सांभाळून पंप, व्हॉल्व्ह, गेज असला माल कोल्हापूर-पुण्याहून किंवा चीनमधून इथे अमेरिकेत आणून विकतात. गेल्या अंकानंतर जे फोन आले, त्यांत बहुतेकांची तक्रार एकच. "नमुना झकास होता हो, पण कंटेनर उघडला तर माल भलताच!"

यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. अर्धा इंची पाइपचे आटे घ्या. अमेरिकेतले एन.पी.टी. आणि तिकडे सर्रास चालणारे बी.एस.पी., दोन्हींत इंचाला १४ आटे. पण एकाचा कोन ६० अंशांचा, दुसऱ्याचा ५५. त्यामुळे जोड सुरुवातीचे फेरे छान बसतो, पुढे अडतो आणि दाब दिला की गळतो. पुरवठादाराच्या लेखी माल बरोबर, तुमच्या लेखी भंगार. ड्रॉइंगचंही तेच. इथे थर्ड अँगल, भारतात आणि चीनमध्ये फर्स्ट अँगल. कोपऱ्यातलं चिन्ह कुणी पाहिलं नाही, की डावी बाजू उजवीकडे जाते. तेव्हा नुसतं "अर्धा इंच" लिहून भागत नाही. आट्यांचा प्रकार, धातूची प्रत, दाबाची चाचणी सगळं ऑर्डरमध्ये हवं, आणि सही केलेला नमुना दोघांकडेही.

"एल.सी. उघडलीय, मग काळजी कसली?" असंही एकांनी विचारलं. अहो, बँक कागद तपासते, माल नाही! मात्र त्याच कागदांत त्रयस्थ संस्थेचा तपासणी दाखला मागता येतो, तो जरूर मागा. आय.एस.ओ. ९००१ चं प्रमाणपत्र कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं, तुमच्या खोक्यातल्या व्हॉल्व्हबद्दल नव्हे.

तपासणीचा हिशोब आय.एस.ओ. २८५९ च्या तक्त्यात मिळतो. १२०० नगांच्या मालातून नेहमीच्या पातळीला ८० नग काढायचे. मर्यादा १.० ठरली असेल, तर दोन सदोष निघेपर्यंत माल पास, तिसरा निघाला की सगळा लॉट परत. हे ८० नग इन्स्पेक्टरने स्वतः पेट्या फोडून निवडायचे. कारखान्याने काढून ठेवलेले घ्यायचे नाहीत. चीनकडे ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के नंतर अशी रीत आहे. ते ७० टक्के तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच द्यावेत.

खरी पंचाईत होते ती कारखाना मेहुण्याच्या मित्राचा असला की. "त्यांना इन्स्पेक्टर पाठवतो म्हणून कसं सांगायचं?" माझ्या मते पहिल्याच पत्रात सांगून टाकावं. सगळ्याच ऑर्डरींना हा नियम आहे म्हटलं, की कुणाला राग येत नाही. कंटेनर इथे आल्यावर वाद निघाला, तर माल परत पाठवायचं भाडं कोण भरणार यावरून लग्नकार्यातलं येणंजाणं बंद होतं.

आणि एक. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या करारात अमेरिका आणि चीन आहेत, भारत नाही. म्हणून भारतातून माल आणताना कायदा कुठला आणि लवाद कुठे, हे करारात लिहून घ्याच.

पुढच्या अंकात सागरी विम्याबद्दल.